नव्या बीमचा पहिला धागा

१

आमच्या घरात शांतता दुपारी एकला यायची आणि चारला निघून जायची. २००६ सालच्या उन्हाळ्यातलं भारनियमन होतं ते. कोन गावात आमच्या घराला लागूनच बाबांची शेड होती, कापड विणायच्या बारा लूमची. पूर्णा गावाकडची शेती गोदामवाल्यांकडे गेली आणि तिच्या जागी आमच्या नशिबी हे बारा लूम आले. दिवसरात्र खडखड. पण ती आम्हाला ऐकू यायची नाही. आमच्याकडचा माणूस आवाजाने दचकत नाही, आवाज थांबला की दचकतो. एकच्या ठोक्याला लाइट गेली की घरातला प्रत्येक जण हातातलं काम तसंच टाकून शेडकडे मान वळवायचा. मग कोणीतरी "गेली" म्हणायचं आणि सगळे पुन्हा कामाला लागायचे.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते, आईच्या भाषेत सांगायचं तर बसून खात होते. मोठी बहीण विनिता पहिल्या बाळंतपणाला खारबावहून माहेरी आली होती. दिवस भरत आलेले, त्यात पंखा बंद. दुपारी ती स्वयंपाकघरात ओट्याखालच्या गार लादीवर उशी घेऊन आडवी व्हायची आणि तिथून उठायचं नाव घ्यायची नाही.

त्या दुपारी ओट्याच्या कडेला पाण्याने भरलेला स्टीलचा पेला होता. तो कोणी ठेवला ते मला माहीत नाही. मी खिडकीपाशी लिंबं चिरत होते, म्हणजे पेल्यापासून चांगली चार पावलं लांब. पेला हलला. आधी जरा सरकला, मग थांबला, मग कडेवरून निघाला.

आणि माझा हात तिथे होता. मी गेले, धावले, वाकले, यातलं काहीच मला आठवत नाही. हात माझ्याआधी गेला आणि मी त्याच्या मागून ओढली गेले. पेला मी पकडला, पण तोंडाशी, बोटं आत घालून. त्यामुळे पेला वाचला आणि पाणी सगळं विनिताच्या तोंडावर.

"मेली, होळी हाय का आज?" ती ओरडत उठली.

मला हसू आवरेना. तेवढ्यात कुठेतरी लाकडावर एक ठोका पडला. टक्. स्पष्ट, कोरडा, एकच. दरवाजाची चौकट असेल, उन्हाने लाकूड तडकतं, असं मी स्वतःला सांगितलं. लाकूड तडकतंच. पण मी विज्ञान शाखेची, आणि चौकट काय आवाज करते हे मला सतरा वर्षं माहीत होतं. हा तो आवाज नव्हता.

२

पुढच्याच आठवड्यात आईने मला नाक्यावर बर्फ आणायला पाठवलं. फ्रिज बंद, आणि विनिताला सरबत बर्फाशिवाय चालेना. कल्याण रोडच्या कडेला गोदू सुकी मासळी घेऊन बसते, म्हणजे तेव्हा बसायची. मी जन्मल्यापासून तिचे बोंबील खातेय. मी तिच्यापाशी उभी राहून दोन शब्द बोलत होते. तिच्या पाठीमागे एक ट्रेलर गोदामाच्या फाटकात रिव्हर्स घेत वळत होता. असे ट्रेलर तिथे दिवसभर वळतात, त्यांच्याकडे कोण बघतं?

माझं मनगट कोणीतरी धरलं.

वरून धरलं. चार बोटं वरच्या बाजूने, अंगठा खालून. आणि असं हिसडलं की खांद्यातून कळ गेली. मी रस्त्याकडेच्या गटारात पाठीवर पडले आणि माझ्या अंगावर गोदू पडली. तिची टोपली ट्रेलरच्या मागच्या चाकाखाली गेली, बोंबलांचा भुगा झाला. माणसं धावली. ड्रायव्हर खाली उतरून स्वतःच्या पायाकडे बघत होता. दाबलेल्या ब्रेकवरून पाय कसा उचलला गेला, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"वाचलीस गो पोरी!" सगळे मलाच म्हणत होते.

मी आजूबाजूला बघितलं. माझ्या मागे गटार होतं आणि गटारामागे भिंत. तिथे माणूस उभा राहील एवढी जागाच नव्हती. गोदू आपला दंड चोळत होती. त्यावर माझ्या बोटांचे लाल वळ होते.

"तुजा हात हाय का सांडस?" ती म्हणाली.

मी तिला कधी धरलं, मला आठवत नव्हतं. पडताना आधाराला धरलं असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं. माझं लक्ष माझ्या मनगटात होतं, आणि त्याच वेळी शेजारच्या विजेच्या लोखंडी खांबावर पडलेल्या ठोक्यात. टक्. पुन्हा एकच.

रात्री विनिताने मनगटावरचे निळे वळ बघितले आणि तिचे डोळे बारीक झाले.

"कोण हाय गो तो?"

"कोणी नाही."

"कोणी न्हाय त्याची बोटं इतकी जाड? बाबांना सांगू?"

मी हात पाठीमागे लपवला. खरं सांगायचं तर मला भीती वाटत नव्हती. मला भयंकर उत्सुकता वाटत होती, आणि थोडी ऐटसुद्धा. आई लहानपणापासून सांगायची की प्रत्येकाला एक राखणदार असतो, खाडीच्या बांधालासुद्धा असतो. तसा मला भेटला होता. पण आमचं नशीब बघा. दुसऱ्यांचे राखणदार अलगद उचलत असतील, माझा मला गटारात पाडत होता. आणि त्याच्या डोक्यावर कोणीतरी बसलेलं होतं, जे दर वेळी ठोका मारून त्याला 'चुकलं' म्हणत होतं. म्हणजे माझ्या वाट्याला अजून शिकणारा, उमेदवारी करणारा राखणदार आला होता.

३

मग मी त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं.

कंपाउंडच्या भिंतीवर चढून उडी मारली. दोन्ही गुडघे सोलले. कोणी धरलं नाही, ठोका पडला नाही. पेला ओट्याच्या कडेला ठेवून बोटाने ढकलला. तो खणखणत खाली पडला आणि आई आतून ओरडली, "डोकं फिरलंय का हिचं?" विहिरीच्या कठड्यावर एका पायावर उभी राहिले, तेव्हा बाबांनीच येऊन कानाला धरून उतरवलं. बाबांची पकड वेगळी होती आणि वळही वेगळे उठले.

म्हणजे मी मुद्दाम काही केलं की तो यायचा नाही. पण मी विसरले की यायचा. आणि यायचा तोही एक ते चारच्या मधेच, घर शांत असताना. दूध उतू जाऊन पातेलं कलंडताना आला. आई पातेल्याला पाठ करून बसली होती. मांजरीचं पिल्लू कठड्यावरून घसरलं तेव्हा आला. मागच्या दारी कपडे वाळत घालायची ओली काठी निसटली तेव्हा आला, खाली विनिता केस विंचरत होती. दर वेळी मनगटाला तीच पकड, वरून चार बोटं आणि खालून अंगठा. पण ती हळूहळू मऊ होत चालली होती. आधी निळे वळ उठायचे, मग नुसती लाली, मग बोटांच्या जागी थोडा गारवा. पिल्लू मी इतकं छान झेललं की त्याला कळलंसुद्धा नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच दोन ठोके पडले. टक् टक्.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने "शाबास रे!" म्हणाले. तो शिकत होता. मला त्याचा अभिमान वाटायला लागला होता, हे आता सांगायला लाज वाटते.

एकच गोष्ट डोक्यातून जात नव्हती. आमच्या घरात याआधी इतक्या वस्तू पडत होत्या का?

४

शेडमध्ये जब्बारचाचा नावाचे कारागीर होते. आमच्याकडचे सगळ्यात जुने. नव्या माणसाला लूम शिकवायचं काम त्यांचं. त्या महिन्यात त्यांच्या हाताखाली रघू होता, चांगला पस्तिशीचा, मिशीत दोन केस पांढरे झालेला शिकाऊ. आधी खाडीतून रेती काढायचा, ते बंद झालं म्हणून आला. इतर कारागीर त्याला 'बाबू' म्हणून चिडवायचे.

मी चारला पाच मिनिटं असताना सरबत घेऊन गेले. लाइट आली, पट्टे फिरायला लागले आणि बारा लूमनी एकदम तोंड उघडलं. त्या गदारोळात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून चाचा हातातल्या लोखंडी हुकाने लूमच्या सांगाड्यावर ठोके मारून शिकवायचे. शिकाऊने डावा हात सांगाड्यावर ठेवायचा, ठोका त्याला तळहातात कळतो. एक ठोका म्हणजे चुकलं. दोन म्हणजे बरोबर.

हे मी लहानपणापासून बघत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

रघू बारा नंबरवर उभा होता. चाचा त्याच्या मागे. समोर ताण्याचे हजारो धागे लूममध्ये सरकत होते. चाचांनी रघूची नजर दुसरीकडे असताना हात पुढे केला आणि अंगठ्याच्या नखाने एक धागा तोडला. अगदी सहज. मग रघूचं उजवं मनगट वरून धरलं, चार बोटं वर, अंगठा खाली, आणि त्याचा हात त्या धाग्यापाशी नेला. रघूने गाठ मारली. सैल बसली. हुकाचा एक ठोका पडला.

ट्रे माझ्या हातात कलला. त्या वेळी मात्र माझा हात कोणी धरला नाही आणि सरबत सांडलं.

चहाच्या वेळी दोघं बाहेर पायरीवर आले. मी चाचांना विचारलं, "धागा तुम्हीच तोडलात ना? मी बघितलं."

"मग कोण तोडणार?" चाचा हसले. "सूत चांगलं असलं तर आपणहून किती तुटेल, बेटा? शिकायला तुटलेला धागा लागतो. नसला तर तोडायचा."

"आणि मनगट?"

"हात काय बोलून शिकतो? पहिले जोरात धरायचं. मग हलके हलके. मग सोडून द्यायचं."

रघूने कौतुकाने बाही वर केली. "पयल्या हप्त्यात बगायला पायजे होता तुमी. नुसता निळा झालावता." त्याच्या मनगटावर पिवळट पडलेले वळ होते. चार वर, एक खाली.

मी माझा हात ओढणीत घेतला. मला राखणदार भेटलाय, असं समजून मी महिनाभर नाचत होते. पण मनगट वाचवायच्या माणसाचं धरत नाहीत. शिकायच्या माणसाचं धरतात. पेल्याखाली विनिता होती. ट्रेलरपुढे गोदू होती. पातेल्याजवळ आई. भिंतीवरून उडी मारताना मी एकटीच होते, म्हणून कोणी आलं नाही. मला कोणीही वाचवत नव्हतं. आणि पेला, ब्रेक, काठी, हे सगळं कोणीतरी नखाने तोडत होतं.

"चाचा, शिकून झालं की काय करता?" मी विचारलं.

"नवा बीम देतो." बीम म्हणजे ताण्याचे सगळे धागे गुंडाळलेला जाड रूळ. "कोरा. तो मग त्याचाच. संपेपर्यंत दुसरा कोणी हात लावणार नाही. फक्त पहिला धागा मी तोडतो."

"कधी?"

"ते सांगत नाही. कुठे तोडणार, ते पण नाही. आणि तेव्हा मनगट धरत नाही. जोडला तर बीम त्याचा. माझ्या उस्तादने माझा असाच तोडला होता."

"आणि शिकाऊ पळून गेला तर?"

चाचांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. "खूप पळतात. जाऊ दे ना. पण धागा तर मी तोडलेला असतो. तो तुटलेलाच राहणार."

५

त्यानंतर माझ्या मनगटाला कोणी हात लावला नाही. पहिले दोन दिवस बरं वाटलं. मग एका दुपारी ओट्यावरून बशी पडली आणि मी ती खाली पोचायच्या आत झेलली. कोणाच्याही मदतीशिवाय. हात आपला आपण गेला. ठोका पडला नाही. माझा हात बसला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात विनिताला मुलगी झाली. गोरीपान, डोक्यावर दाट जावळ, मुठी आवळलेल्या. आईने ती माझ्या मांडीवर ठेवली. कोरा बीम, असं माझ्या मनात आलं.

मी घाबरले होते. साधं सरळ घाबरले होते, रडू येईल इतकी. मी स्वतःशी खूप वाद घातला. बारावीचा ताण, अंगात रक्त कमी, भारनियमनातली गरमी, ऐकीव गोष्टी. चार बोटांचे वळ तर कशानेही उठतात. निकाल लागला होता आणि पुण्याला नर्सिंगला नंबरही लागला होता. बारशाच्या आदल्या दिवशी निघाले असते तरी चाललं असतं. मी बॅग भरली. चेन लावताना चाचांचं बोलणं आठवलं आणि बॅग पुन्हा खाटेखाली सरकवली. मी पुण्याला गेल्यावर इथे एखाद्या दुपारी कोणीतरी नख पुढे करणार होतं आणि तिथे कोणाचाच हात नसणार होता.

मग मी पाळण्याच्या मागे लागले. बाराव्या दिवशी त्यात तिला घालणार होते. बाबांना नवी दोरी आणायला लावली. छताचा हूक हलवून बघितला. पंचवीस किलोची तांदळाची गोणी पाळण्यात ठेवून अर्धा तास झोके दिले. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"पोरगी अडीच किलोची हाय," ते म्हणाले. "हत्तीचं बारसं करतंस काय?"

"तुम्ही गप्प बसा हो बाबा."

आईला वाटलं, भाचीच्या मायेने मी वेडी झाले. तेही खरंच होतं. अकरा दिवसांत ती मला ओळखायला लागली होती, निदान मला तसं वाटत होतं. तिने माझं बोट धरलं की मी तासन् तास सोडवून घ्यायचे नाही.

६

बारसं रविवारी दुपारी झालं. घर बायकांनी भरलं. खारबावहून विनिताच्या सासूबाई, जानकीबाई, आल्या होत्या. गोदू नवं लुगडं नेसून आली होती. लूम चालूच होते, त्यामुळे बायका पाळण्याची गाणी ओरडून म्हणत होत्या.

मी पाळण्याच्या दोरीला हात लावून उभी होते. सकाळपासून तिथून हलले नव्हते. चारही गाठी माझ्या नजरेसमोर होत्या.

आधी रीतीप्रमाणे वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवलं, मग काढून खाली लादीवर ठेवला. मग बाळाची पाळी. पाळण्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला जानकीबाई. बाळ पाळण्याखालून द्यायचं आणि वरून घ्यायचं. "कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या." एक फेरी झाली. दुसरी झाली. मी दोरीकडे बघत होते.

तिसऱ्या फेरीला आईने वाकून बाळ खालून पुढे केलं. जानकीबाईंनी हात लावले. त्याच क्षणी एक वाजला आणि बारा लूम एकदम थांबले.

घरातल्या प्रत्येक बाईची मान शेडकडे वळली. आईचीही. जानकीबाईंचीही. आईला वाटलं त्यांनी घेतलंय, त्यांना वाटलं आईच्या हातात आहे.

मी एकटीच वळले नाही, कारण मी दोरीकडे बघत होते. आणि दोरीच्या पलीकडे कपाटाचा आरसा होता. आरशात आईचे हात दिसत होते, बाळाखाली, आणि त्या हातांवर आणखी एक हात होता. वाळलेला, लांब. बाईचा की पुरुषाचा ते सांगता येणार नाही. तो आईचं एकेक बोट बाळाच्या पाठीवरून उचलून बाजूला ठेवत होता. घाई नाही, राग नाही. नखाने धागा वेगळा करावा तसं. त्या हाताच्या वर मी बघितलं नाही. बघता आलं असतं.

दोरी सोडून मी गुडघ्यांवर पडले होते आणि बाळ माझ्या हातांत होतं. एक तळवा मानेखाली, एक कमरेखाली. माझ्या हाताची मागची बाजू वरवंट्यावर आपटून फुटली होती. मनगटाला कोणीही धरलं नव्हतं.

बाळ रडलंसुद्धा नाही.

"गेली," मागे कोणीतरी म्हणालं, लाइटबद्दल. मग आईने खाली बघितलं आणि किंचाळली. दोघी विहिणी एकमेकींवर घसरल्या. तुम्ही सोडलं, तुम्ही घेतलं नाही. विनिता रडायला लागली. गोदू तेवढी माझ्या रक्ताळलेल्या हाताकडे बघत होती आणि आपला दंड चोळत होती.

पाळण्याच्या लाकडावर ठोके पडले. टक् टक्. शांततेत ते सगळ्यांनी ऐकले असणार, पण त्या गोंधळात कोण लक्ष देतो.

नाव ठेवलं रेवा. मी आत्या नव्हते, तरी कानात नाव मीच सांगितलं. कोणी हरकत घेतली नाही.

७

पुण्याला मी गेले नाही. आई खूप बोलली, बाबा आठवडाभर बोललेच नाहीत. खारबावला बालवाडीत जागा निघाली, ती घेतली. राहते विनिताच्या घरी, खालच्या खोलीत. जानकीबाईंना हे आवडत नाही आणि ते बरोबरच आहे. बहिणीच्या संसारात असं कोण राहतं? दोन स्थळं आली, दोन्ही लांबची होती. रघूला मात्र त्याचा बीम मिळाला आणि तो आता चार लूम बघतो. जब्बारचाचांना मी एकदा विचारलं, एक बीम किती दिवस चालतो. ते म्हणाले, "ते आपण विचारायचं नाही, बेटा. आपण विणायचं."

जवळजवळ तीन वर्षं मी रेवाच्या मागे आहे. पायरी, विहीर, रेल्वेचं फाटक, शेंगदाणा, विंचू. मी दर वेळी पोचले आहे. मी सुखी आहे, हे कोणाला खरं वाटत नाही.

गेल्या रविवारी दुपारी, म्हणजे एप्रिल २००९ मध्ये, विनिता ओट्याखाली बसून तांदूळ निवडत होती. रेवा स्टुलावर उभी राहून बडबडत होती. मी दारात कपड्यांच्या घड्या करत होते. ओट्याच्या कडेला पाण्याचा पेला होता. तो सरकला, थांबला आणि निघाला.

माझा हात उठला. पण त्याआधीच रेवाचा गेला. तिने पेला पकडला, तोंडाशी, चिमुकली बोटं आत घालून. पाणी सगळं विनिताच्या डोक्यावर.

"अगो बया!" विनिता हसत ओरडली. "मावशीवर गेली कार्टी!"

दाराच्या चौकटीवर, माझ्या कानाशी, एक ठोका पडला.

मी जाऊन रेवाची बाही वर केली. मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं. त्यावर चार वळ वर, एक खाली. ताजे होते, माझ्या डोळ्यांदेखत लाल होत चालले होते.

"दुखलं का गं?"

"त्याने जोरात धरलं," ती तक्रारीच्या सुरात म्हणाली.

मला सतरा वर्षं मोकळं सोडलं होतं. हिला तीनच. मी तिथे उभी राहून विचार करत होते, इतकी घाई कशासाठी? कोणता बीम हिच्यासाठी तयार होतोय, आणि त्याचा पहिला धागा कुठे तोडायचं ठरलंय? उत्तर मिळणार नाही हे मला माहीत होतं. पळून उपयोग नाही, हेही माहीत होतं. एवढंच हातात होतं की तोपर्यंत तिचा हात बसला पाहिजे.

मी तिची बाही खाली केली, विनिताला दिसू नये म्हणून. तिचा तळवा माझ्या तळव्यावर घेतला आणि दाखवलं. "हे बघ सोन्या, तोंडाशी नाही धरायचं. खालून धरायचं. असं. म्हणजे पाणी सांडत नाही." तिने मान डोलावली. तिला ते आवडलं होतं, डोळे चमकत होते. माझेही तेव्हा असेच चमकत असतील.

विनिता पदराने डोकं पुसून पुन्हा खाली बसली आणि सूप पुढे ओढून तांदूळ निवडायला लागली. मी पेला पुन्हा काठोकाठ भरला आणि ओट्याच्या अगदी कडेला ठेवला.